सेफ्टी व्हॉल्व्ह कोठे आहे?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून ओढावयाच्या यंत्राविषयी कोणी बोलू लागले, तर आपणांपैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. व्यसनाचा विषय असेल तर तो कीर्तनकाराने घ्यावा किंवा डॉक्टरने; कामगार चळवळीतल्या माणसाचे तेथे काय काम, असे कोणीही विचारील. परंतु ज्या प्रश्नामुळे आम्ही या विषयाकडे वळलो तो मुळात व्यसनाचा नव्हता. तो यंत्राचा होता, आणि यंत्राचा होता म्हणूनच यंत्र हाताळणाऱ्या माणसाचाही होता. तो प्रश्न आम्ही प्रथम ऐकला तो कोन गावी.

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाले की कोन लागते. मुंबईच्या बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगारांसाठी तेथील २,४१७ घरांची सोडत म्हाडाने २०१६ च्या डिसेंबरात काढली. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात होरपळलेल्या माणसांच्या नावाची चिठ्ठी चौतीस वर्षांनी निघाली, आणि किल्ली हातात यावयास त्यानंतरही वर्षे गेली. तेथल्याच एका घरी आम्ही कागदपत्रांच्या कामासाठी गेलो होतो. घरच्या आजोबांची उमेदीची वर्षे गिरणीच्या बॉयलर खात्यात गेलेली. नातू व त्याचा मित्र खिडकीशी उभे राहून हळू आवाजात वाद घालीत होते. दोघांच्या हातांत वेप, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सिगारेटी होत्या. एकाची साधी पितळी नळी, दुसऱ्याची चौकोनी डबी; तिच्यावर आकडे उमटत होते.

नळीवाला म्हणत होता, "यात बिघडायला आहेच काय? वीस वर्षं चालेल. तुझी चिप दोन वर्षांत मरते की नाही बघ." डबीवाला म्हणत होता, "पण शॉर्ट झालं तर माझी आपोआप बंद पडते. तुझी?"

आजोबांनी ती नळी मागून घेतली, उलटीसुलटी केली, बुडाशी असलेली कळ बोटाने चाचपली आणि विचारले, "पोरा, याचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे रे?"

नातू हसला. "आजोबा, हा काय बॉयलर आहे का?"

आम्ही मात्र हसलो नाही. दीडदोनशे वर्षे ज्या प्रश्नासाठी माणसे मेली आणि भांडली, तोच प्रश्न त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात विचारला होता. आजचे आमचे बोलणे हे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आत एक सेल असतो. बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. त्याला जोडलेली एक बारीक तारेची गुंडाळी, तिच्याभोवती कापूस आणि कापसात मुरलेले निकोटिनचे गोडसर द्रव. कळ दाबली की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती माणूस ओढतो. येथपर्यंत दोन्ही जाती सारख्याच.

फरक पुढे आहे. 'मेकॅनिकल' म्हणतात त्या जातीत सेल आणि तार यांच्यामध्ये कळीखेरीज दुसरे काहीही नसते. किती वीज वाहील हे केवळ तारेच्या विरोधावर ठरते, आणि हा हिशेब शाळेत शिकविलेल्या ओहमच्या नियमाचाच आहे. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. तारेचा विरोध अर्धा ओहम असेल तर ८.४ अँपिअर वीज वाहते. तार आखूड आणि जाड करून विरोध ०.२ ओहमवर आणला की २१ अँपिअर, आणि ०.१ वर आणला की ४२ अँपिअर. चांगल्यातला चांगला सेलही वीसतीस अँपिअरच्या पलीकडे सतत देऊ शकत नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल तर दहालाही धापा टाकतो. मर्यादा ओलांडली की सेल आतून तापतो, त्या तापाने आतील रासायनिक क्रिया वाढते, तिने ताप आणखी वाढतो, आणि शेवटी वायू, ज्वाला व द्रव्य एकदम बाहेर पडते. नळीला वायू निघून जाण्यास भोके नसतील तर नळी बंदुकीसारखी उडते.

दुसरी जात 'रेग्युलेटेड'. तिच्यात सेल आणि तार यांच्यामध्ये एक छोटी पट्टी बसविलेली असते. ती तारेचा विरोध मोजते, शॉर्ट असेल तर वीज सोडतच नाही, सेल उलटा घातला तर नकार देते, सेल फार उतरला तर थांबते, आणि कळ खिशात दाबली गेली तर साधारण दहा सेकंदांनी आपोआप बंद पडते. तार तापली की तिचा विरोध वाढतो. ही वाढ मोजून उष्णता आवरण्याची युक्तीही २०१४ पासून काही यंत्रांत आली आहे. थोडक्यात, आत एक राखणदार बसविलेला आहे.

या वस्तूचा जन्म फार जुना नाही. तंबाखू न जाळणाऱ्या सिगारेटच्या एकस्वासाठी अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली अर्ज केला आणि १९६५ साली ते मिळाले. पण तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. आजच्या वेपचा उगम हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञापासून, २००३ साली धरतात. पुढे तीनचार वर्षांत ती युरोप-अमेरिकेत पोहोचली. पहिली यंत्रे दुबळी होती, म्हणून हौशी माणसांनी टॉर्चच्या नळ्या घेऊन घरीच दणकट यंत्रे केली. 'मेकॅनिकल' जात ही त्या घरगुती खटपटीचे अपत्य. राखणदार नंतर आला. कोणत्याही यंत्राच्या इतिहासात हाच क्रम दिसतो: प्रथम शक्ती येते, मग अपघात येतात आणि शेवटी राखण येते.

हा क्रम वाफेच्या यंत्रात सर्वांत स्पष्ट दिसतो. म्हणून आजोबांच्या बॉयलरकडे वळणे हे विषयांतर नव्हे.

जेम्स वॉटने आपल्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर १७८८ साली जोडला. इंजिन भरधाव सुटले की गोळे वर चढत आणि वाफेची वाट आवळत. परंतु वॉट कमी दाबाची वाफ वापरी. रिचर्ड ट्रेव्हिथिक याने जोरदार दाबाची वाफ वापरून लहान व बळकट इंजिने केली. १८०३ च्या सप्टेंबरात लंडनजवळ ग्रीनिच येथे त्याचे एक इंजिन फुटले. तेथील हकीगत त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवली आहे. इंजिनावर नेमलेला पोरगा वाम मासे पकडावयास गेला होता आणि इंजिन एका मजुरावर सोपविले होते. वाफ सोडणाऱ्या झडपेच्या दांड्यावर पाना अडकवून ती दाबून ठेवलेली होती. इंजिन फार जोरात चालले आहे असे पाहून मजुराने ते थांबविले, पण पाना काही काढला नाही. वाफेला वाट उरली नाही. तीन माणसे जागच्या जागी गेली, चौथा नंतर मेला.

या गोष्टीत आमचे लक्ष दोन ठिकाणी जाते. पहिले म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह तेथे होता. पण तो बांधून ठेवता येत होता. दुसरे म्हणजे दोष कोणाचा, याचे उत्तर मालकाच्या बाजूने तत्काळ तयार होते: पोराचा आणि मजुराचा. ट्रेव्हिथिक मात्र तेवढ्यावर थांबला नाही. यापुढे एकाऐवजी दोन झडपा आणि दाब दाखविणारे मापक बसविण्याचे त्याने ठरविले. बॉयलरमध्ये शिशाचे बूच बसविण्याची युक्तीही त्याच्याच नावावर आहे. पाणी कमी पडून पत्रा तापला की शिसे वितळते, वाफ आगीवर पडते आणि आग विझते. ज्यावर पाना अडकविता येत नाही असा हा राखणदार! माणूस चुकणारच, हे गृहीत धरून यंत्र करावे, ही अक्कल चार प्रेते पाहून आली.

आपल्या देशात तीच शाळा पुन्हा भरली. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिली आणि ती १८५६ साली सुरू झाली. गिरण्या वाढल्या तसे बॉयलर वाढले. कलकत्त्यास १८६३ साली बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा बंगालमध्ये १८६४ साली तपासणीचा कायदा झाला. पुढे इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. शेवटी १९२३ साली साऱ्या देशासाठी एक बॉयलर कायदा आला. त्याने काय केले? बॉयलरची नोंदणी आणि ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली. सेफ्टी व्हॉल्व्हशी खेळणे हा शिक्षेचा गुन्हा ठरविला. आणि बॉयलरला अपघात झाला तर चोवीस तासांच्या आत कळविले पाहिजे, असे बंधन घातले.

याच १९२३ साली दुसरा एक कायदा झाला: कामगार नुकसानभरपाईचा. हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज केला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुटी मागणारा अर्ज म्हणून तो आपणांस ठाऊक आहे. ती सुटी १८९० साली मिळाली. पण त्याच अर्जात दुसरी एक मागणी होती, ती सहसा कोणी सांगत नाही. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार मिळावा, आणि माणूस कायमचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. ती कायद्याच्या कागदावर उतरावयास एकोणचाळीस वर्षे लागली. अलीकडच्या काळात या दोन्ही कायद्यांची जागा नव्या कायद्यांनी घेतली आहे. परंतु १९२३ ने घालून दिलेला धडा जुना झालेला नाही. यंत्रात राखण हवी, राखणीवर तपासणी हवी, अपघाताची नोंद हवी, आणि नोंदीनंतर भरपाई हवी. या चार कड्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. त्यांतली एक निसटली की बाकीच्या तीन लोंबकळतात.

आता त्या दोन पोरांचा वाद घ्या. जास्त काळ भरवशाचे यंत्र कोणते?

धातूच्या आयुष्याचाच प्रश्न असेल तर नळीवाला खरे बोलत होता. त्याच्या यंत्रात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही. तांब्या-पितळेची टोके काळी पडतात, ती घासावी लागतात. कळीची स्प्रिंग तापून दबते, ती बदलावी लागते. पेचाचे आटे पुसावे लागतात. एवढे केले की ती नळी खरोखर वीस वर्षे टिकेल. उलट, चिपवाल्या डबीत कळ झिजते, पडदा जातो, चार्जिंगचे तोंड सैल होते, द्रव झिरपून पट्टी गंजते. सेल आतच डकविलेला असेल तर काही शे वेळा भरल्यावर तो दम सोडतो आणि त्याच्याबरोबर सगळी डबी टाकावी लागते. दुरुस्तीचे म्हणाल तर पट्टीवरचा सुटा भाग बाजारात मिळत नाही.

परंतु भरवसा म्हणजे केवळ टिकणे नव्हे. आमच्या कामात आम्ही एक कसोटी नेहमी लावतो: यंत्र किती दिवस चालते हे मालकाला विचारावे, ते बिघडते तेव्हा काय होते हे त्यावर काम करणाऱ्याला विचारावे. डबी बिघडली की बंद पडते. माणूस चडफडतो आणि नवी घेतो. नळी बिघडते म्हणजे तारेचे टोक चुकून धातूला लागते, किंवा सेलवरचे प्लास्टिकचे पातळ वेष्टण फाटते, किंवा कळ खिशात दाबलेली राहते. आणि त्या वेळी अडविणारे कोणीच नसते. तेथे राखणदाराचे काम ओढणाऱ्यालाच करावे लागते. त्याने विरोध मोजावयाचा, अँपिअरचा हिशेब करावयाचा, वेष्टण तपासावयाचे, कळ आवळून ठेवावयाची. आणि हे सारे रोज, एकही दिवस न चुकता. यंत्र वीस वर्षे टिकेल, पण माणूस वीस वर्षे न चुकता राहील काय? ग्रीनिचचा पोरगा एकदाच मासे पकडावयास गेला होता.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या आठ वर्षांतल्या, वेप पेटल्याच्या वा फुटल्याच्या १९५ घटना त्यात नोंदल्या आहेत. त्यांत १३३ ठिकाणी माणसे जखमी झाली. ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. ६१ घटना यंत्र किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या. तोवर मृत्यू नव्हता; तो २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये आला. फ्लोरिडातले यंत्र बिनराखणीच्या जातीचे होते, असे प्रसिद्ध झाले. लक्षावधी वापरणाऱ्यांत १९५ हा आकडा लहान आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु तो आकडा मिळाला याचे कारण तेथे कोणी तरी नोंद ठेवीत होते.

येथे आम्हांला एक पाहिलेली गोष्ट सांगावी लागते. पनवेल भागातील एका गोदामात ठेकेदाराकडे काम करणारा एक तरुण मांडी भाजलेल्या स्थितीत आमच्याकडे आला. खिशात वेपचा सुटा सेल होता आणि त्याच खिशात घराच्या किल्ल्या. किल्लीने सेलची दोन टोके जोडली गेली आणि सेल पेटला. दवाखान्यात त्याने सांगितले, "वड्याच्या गाडीवर उभा होतो, तेल सांडलं." डॉक्टरने तेलाने भाजल्याचा उपचार केला. सेलमधली रसायने कातडीला लागली असतील हे त्यास कळावे कसे? आम्ही विचारले, "अरे, खरं का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "भाऊ, ती वस्तू बंदीची आहे. पोलीस आले असते आणि ठेकेदारानंही काढून टाकलं असतं."

त्याचे म्हणणे निराधार नव्हते. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात बंद केली. साठवण सोडून बाकीच्या बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला तीन वर्षे आणि पाच लाख. ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा या कायद्यात सांगितलेली नाही, पण ही गोष्ट त्या पोराला कोण सांगणार? बंदीला कारणे होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याच वर्षी संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. निकोटिनची सवय लावणारी ही वस्तू शाळकरी पोरांत पसरेल, ही भीती खोटी नव्हती. अमेरिकेत २०१९-२० मध्ये वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना जो आजार झाला, त्यात ६८ माणसे गेली. त्याचे मुख्य कारण गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेले एक तेलकट द्रव्य ठरले, आणि असा बराच माल चोरवाटेने आलेला होता.

इंग्लंडने दुसरी वाट धरली. तेथे २०१६ च्या नियमांनी टाकी २ मिलिलिटरची आणि निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत असे मोजमाप घातले. आणि वापरून फेकावयाच्या वेपवर २०२५ च्या जूनपासून बंदी आणली. कोणती वाट बरी, हा आजचा विषय नव्हे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाजाराने त्या दोन पोरांच्या वादाचा निकाल आपल्या सोयीने लावला होता: नळीही नको, डबीही नको, पाचसहाशे झुरके ओढा आणि फेका. टिकण्याचा प्रश्नच त्याने काढून टाकला.

आमचे म्हणणे असे, की बंदीने दुकान बंद होते. खिसा रिकामा होतोच असे नाही. खिशात उरलेल्या वस्तूच्या बाबतीत १९२३ च्या चारही कड्या तुटलेल्या असतात. चिपवाली डबी आहे, पण तिच्या आतली चिप खरी की नुसता पडद्यावरचा आकडा, हे तपासणारा निरीक्षक नाही. फुटली तर नोंद नाही, कारण भाजलेला माणूस तेल सांडले म्हणून सांगतो. पावती नाही, म्हणून भरपाई मागावी तर कोणाकडे? तेव्हा राखणीचे यंत्र बिनराखणीच्या यंत्राहून निःसंशय बरे, एवढे आम्ही त्या पोरांना सांगितले. पण चोरवाटेने आलेल्या यंत्राच्या राखणीला जामीन कोणीच नसतो, हेही सांगितले. म्हणून दोन्ही खाली ठेवावीत, हा आमचा सल्ला. तो नीतीचा म्हणून नव्हे, तर हिशेबाचा म्हणून घ्यावा.

यावर कोणी म्हणेल की राखणीने माणूस बेफिकीर होतो. हा आक्षेप मालकवर्गाने दीडशे वर्षे घेतला आहे, आणि त्यात अंशतः तथ्य आहे. चाळीत फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार गुंडाळणारे आपण सगळेच आहोत. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला की रस्त्यावरचा नकली दहा रुपयांत घेणारेही आपणच. परंतु यावरचा उपाय फ्यूज काढून टाकणे हा नव्हे. फ्यूज का उडतो ते पाहणे, हा आहे.

शेवटी घरोघरी उपयोगी पडेल एवढे सांगून आम्ही थांबतो. टॉर्चचा असो वा वेपचा, लिथियमचा सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात ठेवू नये. प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. वेष्टण फाटलेला सेल वापरू नये. तो ज्याच्या त्याच्या चार्जरवरच, डोळ्यांसमोर भरावा, उशाशी नव्हे. आणि मुलाच्या खिशात ही वस्तू सापडली, तर मारझोड करण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे. भाजले तर डॉक्टरला खरे सांगता येईल, एवढा विश्वास त्याला घरात वाटला पाहिजे. गोदामातल्या त्या तरुणाला तो विश्वास कोठेच मिळाला नव्हता, घरी नाही आणि कामावरही नाही. त्याची मांडी बरी झाली. व्रण राहिला आहे, आणि दवाखान्याच्या कागदावर अजून तेलच लिहिलेले आहे.